कानात राहिलेला ‘ट’

इंग्रजीत वाढलेल्या माणसाला ‘ताट’ म्हणायला सांगा. दोन्ही अक्षरं त्याच्या तोंडून जवळपास सारखीच निघतील, आणि गंमत म्हणजे त्याला ती ऐकूही सारखीच येतील. त आणि ट मधला फरक आपल्याला इतका ढळढळीत वाटतो की एखाद्याला तो ऐकूच येत नाही यावर विश्वास बसत नाही. पण तान्हेपणी सगळ्याच कानांना कळणारा हा फरक, तो असलेली भाषा कानावर पडली नाही की पुसट होत जातो.

लेहर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातली मुलं भारतात जन्मलेली, अगदी लहानपणी अमेरिकी घरांत दत्तक गेलेली आणि आता शाळेत जाणारी. घरात फक्त इंग्रजी. तुलनेसाठी इंग्रजीच ऐकत वाढलेली अमेरिकी मुलं घेतली होती. सुरुवातीला दोन्ही गटांना त-ट सारखेच. मग थोडा सराव दिला. थोडाच. भारतातून आलेल्या मुलांना फरक कळू लागला, बाकीच्यांना नाही. त्या मुलांना जन्मभाषेचा एक शब्द आठवत नव्हता, पण ऐकलेला ‘ट’ कुठेतरी ठेवलेला होता.

२०१४ मध्ये कॅनडातल्या माँट्रिअल शहरात असंच काहीसं मेंदूच्या चित्रात दिसलं. चीनमधून वर्षभराची असताना आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी स्वरांचे चढउतार ऐकवले, तर त्यांचे मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलींसारखेच चालले. फ्रान्समधल्या एका आधीच्या अभ्यासात मात्र कोरियातून आलेल्या प्रौढांमध्ये असा मागमूस सापडला नव्हता, म्हणजे हे प्रकरण अजून सुटलेलं नाही. तरी मला त्या ‘ट’चं फार नवल वाटतं. पासपोर्ट बदलला, नाव बदललं, धर्मही बदलला असेल, आणि जीभ टाळूला लावून काढलेला एक आवाज मात्र राहिला.

दुसरी खूण आईच्या रक्तात असते. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या शरीरात जातात. बाळंतपणानंतर त्या नाहीशा होत असतील असा समज होता. डायना बियांकी यांनी १९९६ मध्ये मुलगे झालेल्या काही बायकांचं रक्त तपासलं आणि त्यात वाय गुणसूत्र असलेल्या पेशी शोधल्या. बाईच्या स्वतःच्या शरीरात वाय असायचं कारणच नाही. त्या सापडल्या, आणि त्यांतल्या एकीचा मुलगा तोवर २७ वर्षांचा झाला होता. ज्या बाईने तिसऱ्या दिवशी बाळ संस्थेच्या हवाली केलं आणि गावी जाऊन कुणापाशी ब्र काढला नाही, तिच्याही अंगात हे घडत असणार. गावाला पत्ता नाही, नवऱ्याला पत्ता नाही, आणि रक्तात पुरावा फिरतोय.

एवढ्या खुणा मागे राहत असतील तर आई-मुलाने एकमेकांना शोधणं सोपं असायला हवं. तसं ते अजिबात नाही.

का, ते पाहायला आता बुलढाणा जिल्ह्यात या. पूर्वज शोधण्यात इथल्या माणसांचा हात धरणारं कुणी नाही. मेहकर घ्या, चिखली घ्या, कुठल्याही तहसिलीत जूनमध्ये जा. मुलाला ॲडमिशन घ्यायचं असतं, जातीची ‘व्हॅलिडिटी’ लागते, आणि त्यासाठी पणजोबाचा कागद. इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा. मग रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढायची. वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांत जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाकडून होत असे. ती ही वही. पानं इतकी ठिसूळ की उलटताना कोपरा हातात येतो. नोंद अशी असते: तारीख, बापाचं नाव, जात, आणि मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसायचं. त्यामुळे ‘अमक्याला मुलगा झाला’ तो मुलगा म्हणजेच आपला आजोबा, हे दाखवायला आणखी तीन कागद जोडावे लागतात. शाळेचा दाखला, सातबारा, मृत्यूची नोंद. माणसं ते करतात. चहा पीत, एकमेकांना आडनावं विचारत, शंभर वर्षं मागे जातात.

दत्तक गेलेल्या मुलाला हा रस्ताच नाही, कारण बापाच्या नावाखेरीज कोतवाल बुकाचं पान उघडत नाही. त्याचा सगळा शोध एका फायलीपासून सुरू होतो, आणि ती फाईल कशी तयार झाली यावर पुढचं सगळं ठरतं.

फायली दोन जातींच्या असतात. पहिली सोडून दिलेल्या बाळाची. समजा मलकापूरच्या फलाटावर पहाटे बाळ सापडलं. आजच्या कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे जातं, मग शिशुगृहात. वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात येते, पोलीस चौकशी करतात, कुणी मिळालं नाही असा अहवाल देतात. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत ‘दत्तकासाठी मुक्त’ ठरतं. या फायलीत सापडल्याची जागा असते, वेळ असते, अंगावरच्या कपड्याचं वर्णन असतं, आईचं नाव नसतं. दुसरी फाईल सोपवलेल्या बाळाची. आई समितीपुढे येते, तिचं समुपदेशन होतं, ती समर्पणपत्रावर सही करते. त्यानंतर ६० दिवस तिला मन बदलायची मुभा असते. साठाव्या दिवशीही ती येऊन बाळ घेऊन जाऊ शकते. या फायलीत नाव असतं, गाव असतं, कधी कारणही असतं.

तीस वर्षांनी कुणी शोधायला आलं की या दोन फायलींतलं अंतर पृथ्वी-चंद्राएवढं होतं. म्हणून मला वाटतं, शोधाला मदत करायची असेल तर ती बाळंतपणाच्या दिवशी सुरू व्हायला हवी. बारा वर्षांखालचं मूल टाकून देणं हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. समितीपुढे सोपवणं हा गुन्हा नाही. बाल न्याय कायदा तर त्याच्याही पुढे जातो. हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे आईबापांनी मूल सोडलं असेल, तर ते मुद्दाम सोडलं असं धरायचं नाही, असं त्यात लिहिलंय. हे अडलेल्या मुलीला कुणी सांगत नाही. ती फलाट गाठते, आणि तिच्या बाळाची फाईल कायमची पहिल्या जातीची होते.

आपल्याकडे दत्तक घेणं जुनं आहे आणि ते पूर्वी लपूनछपून नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला; सख्खे भाऊही पुढे बडोद्याला आले. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरला जाऊन शाहू झाला, आणि जन्मदाते वडील जयसिंगराव तिथला कारभार पाहत होते. जन्मघर कुठलं हे सगळ्या मुलखाला ठाऊक. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही या उघडेपणाचा एक तुकडा राहून गेलाय: दत्तक गेलेल्याला जन्मघरात राहिला असता तर ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी नंतरही करता येत नाही. कायदा एका हाताने नातं तोडतो आणि दुसऱ्या हाताने म्हणतो, रक्त विसरू नका. पण संस्थेतून गेलेल्या मुलाला जन्मघरच माहीत नाही. ते त्याने पाळायचं कसं?

लपवाछपवी आली ती संस्थांबरोबर, आणि तिला कारणही होतं. विधवेला किंवा कुमारिकेला दिवस गेले की विहीर तरी जवळ करायची किंवा बाळ तरी मारायचं, अशा काळात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, हवं तर बाळ ठेवून जा. तिथेच आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झालेला यशवंत. पंढरपुरात १८७५ मध्ये असंच गृह निघालं. नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला. या संस्थांनी जीव वाचवले ते गुप्ततेच्या जोरावर. तीच गुप्तता आज चाळिशीतल्या माणसासमोर भिंत होऊन उभी आहे, आणि दोष कुणाला द्यावा ते कळत नाही.

नेदरलँड्समधल्या हेमस्टेडे गावचे महापौर फाल्गुन बिन्नेन्डाइक यांची गोष्ट अलीकडे वृत्तपत्रांतून आली होती. जन्म फेब्रुवारी १९८५, नागपूर. आईने तीन दिवसांचं बाळ मातृसेवा संघात ठेवलं. तिथल्या परिचारिकेने महिन्यावरून नाव ठेवलं, आणि डच आईबाबांनी ते बदललं नाही. एका वऱ्हाडी-नागपुरी वॉर्डातलं नाव असं युरोपातल्या नगरपालिकेच्या दारावर गेलं. ते नागपूरला येऊन गेले, नाव ठेवणाऱ्या परिचारिकेला भेटले, आणि आईचा शोध घेताना त्यांनी स्वतःला कर्ण आणि तिला कुंती म्हटलं. आपल्यातला कुणीही हेच म्हणाला असता. आपल्याकडे दुसरी गोष्टच नाही.

आशा मिरोची गोष्ट वेगळ्या वळणाची. नाशिककडच्या शेतकरी घरात जन्म, आधी नाशिकला आणि मग मुंबईत ख्रिस्ती नन्सच्या आश्रमात, १९७४ मध्ये सहा-सात वर्षांची असताना बार्सिलोनाला. तिथे ती कातालान बोलत मोठी झाली, लेखिका झाली, मराठी पार विसरली. १९९५ मध्ये ती पहिल्यांदा परत आली. नंतरच्या एका फेरीत तिला थोरली बहीण भेटली, आणि तिचंही नाव आशाच निघालं. दोन आशा समोरासमोर, मध्ये दुभाषी.

हे लोक शोध नेमका कसा घेतात? २०२२ च्या दत्तक नियमावलीतला ४७ वा नियम याबद्दल आहे. दत्तक गेलेल्या कुणीही मागणी केली की दिल्लीचं केंद्रीय दत्तक प्राधिकरण ‘कारा’, राज्याची दत्तक यंत्रणा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मूळ संस्था यांनी मदत करायची. अठरा वर्षांखालचा असेल तर दत्तक आईबाबांसह अर्ज. आईने सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिला शोधून तिची लेखी संमती घ्यायची. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर ज्या परिस्थितीत मूल सोपवलं ती मुलाला सांगायची. तिऱ्हाईताला शोध घ्यायला मनाई, आणि मुलाचा हक्क आईच्या खाजगीपणावर चढता कामा नये हेही स्पष्ट.

कागदावर हे चार ओळींत मावतं. प्रत्यक्षात ‘तिची लेखी संमती घ्यायची’ म्हणजे काय ते बघा. बाई आता पन्नाशीच्या पुढे आहे. लोणारजवळच्या एखाद्या खेड्यात नांदतेय, सुना आल्यात, नवऱ्याला काही माहीत नाही. पत्र पाठवावं तर सून फोडणार. फोन करावा तर तो घरात मोठ्याने वाजणार, आणि बहुधा नातूच उचलणार. माणूस पाठवावा तर ओट्यावरून पहिला प्रश्न येणार, “कोन पायजे तुमाले?” आणि गावात शिरलेली अनोळखी गाडी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. समजदार कार्यकर्ती इथे एकटी जाते, बाईच असते, बचत गटाचं किंवा आरोग्याचं निमित्त काढते, बाई एकटी सापडेपर्यंत थांबते. आणि ‘तुमचा मुलगा आलाय’ असं कधीच म्हणत नाही. ती फक्त साल विचारते आणि दवाखान्याचं नाव घेते. पुढचं समोरचीच्या चेहऱ्यावर. ओळख नाकारली तर माफी मागून उठायचं, गावात दुसरं काही न बोलता परत यायचं. या कामाला पदवी नाही. पण भेट होणार की बाईचा संसार उधळणार, हे त्या दहा मिनिटांवर ठरतं.

इंग्लंडने ही मधली बाई कायद्यातच घातली. तिथे १९७५ च्या कायद्याने प्रौढ दत्तकांना मूळ जन्मदाखला मागायचा हक्क दिला, पण आधीच दत्तक गेलेल्यांना तो हातात पडण्याआधी समुपदेशकाला भेटणं सक्तीचं केलं. कारण त्यांच्या आयांना त्या काळी सांगितलं गेलं होतं की कुणालाही कधी कळणार नाही. आपल्याकडे अरुण डोहले यांना हा मार्ग कोर्टातून काढावा लागला. १९७३ मध्ये पुण्यात जन्म, तान्हेपणी जर्मनीला. संस्थेने कागद द्यावेत म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, पुढे सर्वोच्च न्यायालयात, आणि २०१० मध्ये आई भेटली. त्यांनी आणि पुण्याच्या अंजली पवार यांनी पुढे इतर अनेकांच्या शोधात मदत केली, आणि तिऱ्हाईतावरच्या बंदीला विरोधही केला. मला दोन्ही बाजू पटतात. सरकारी कक्षावर इतर हजार कामं असतात. पण कुणीही उठून कुणाच्याही आईचं दार वाजवावं हेही नको.

कागदच नसेल तर? सातपुडा ओलांडला की जळगाव जामोदपलीकडे बऱ्हाणपूर. या भागातल्या लोकांना ते अजिबात परकं नाही. १९८६ च्या सुमारास त्या स्टेशनवर पाच वर्षांचा एक पोरगा थोरल्या भावाची वाट पाहत बाकावर झोपला, उठून उभ्या गाडीत शिरला आणि हावड्याला जाऊन पोचला. त्याला सांगता येत होतं ते इतकंच: ‘बेरमपूर’ आणि ‘गिनेस्टले’. १९८७ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दत्तक गेला. सरू ब्रायर्ली. मोठेपणी त्याने गाडीत किती तास गेले असतील याला गाडीच्या वेगाने गुणलं, कोलकात्याभोवती हजार किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि उपग्रहाच्या चित्रात एकेक लोहमार्ग रात्र-रात्र धुंडाळला. हिशेब चुकला होता. गाव त्या वर्तुळाबाहेर निघालं. मार्च २०११ मध्ये नेहमीची हद्द ओलांडून बघताना त्याला एका स्टेशनाजवळची पाण्याची टाकी दिसली. बऱ्हाणपूर. तिथून रुळांवरून वर सरकत गेला तर खंडवा, आणि ‘गिनेस्टले’ म्हणजे खंडव्याचं गणेश तलाई. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो तिथे गेला तेव्हा आई जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावरच राहत होती. मुलगा आला तर इथेच येईल म्हणून तिने वस्ती सोडली नव्हती. उपग्रह सगळ्यांना दिसतो. आईचं हे गणित मात्र कुणी लक्षात घेत नाही.

आता सगळ्यांची आशा लाळेच्या नळीवर आहे. नळीत थुंका, पोस्टाने पाठवा, आणि कोट्यवधींच्या साठ्यात तुमच्याशी कुणाचा डीएनए किती जुळतो ते कळतं. आई किंवा बाप असेल तर निम्मा, सावत्र भावंड असेल तर साधारण चौथा हिस्सा, चुलत-मामे भावंड असेल तर आठवा. त्या साठ्यात भारतीय कमी आहेत, खेड्यातले तर जवळजवळ नाहीतच. त्यामुळे जुळणी झालीच तर ती न्यू जर्सीतल्या एखाद्या इंजिनिअरशी होते. आणि मग एक खास आपला घोळ सुरू होतो. मामाची मुलगी करायची आपली रीत, आणि शेकडो वर्षं जातीतल्या जातीत सोयरिकी. दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या पोरी करत आली की दूरचा भाऊसुद्धा डीएनएत जवळचा दिसतो. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत, थोड्याच पूर्वजांपासून सगळे आल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली, आणि फिनलंड त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. स्वीडनमधली मुलगी ‘सख्खा चुलतभाऊ सापडला’ म्हणून नाचते, आणि तो निघतो चार पिढ्यांमागच्या तीन वेगवेगळ्या वाटांनी लागलेला भाऊबंद. इथे यंत्रापेक्षा गावातली म्हातारी उपयोगी. कोण कुणाची आत्या आणि कुणाची सून, हे तिला तोंडपाठ असतं.

या सगळ्यात एक दार मात्र फक्त एकाच बाजूने उघडतं. ४७ वा नियम बोलतो तो दत्तक गेलेल्याबद्दल. आईला मूल शोधावंसं वाटलं, तर तिच्यासाठी त्यात ओळ नाही. आणि हे ठीकही आहे. दुसऱ्या घरात वाढणाऱ्या लेकरामागे कुणी लागू नये. पण लेकरू चाळीस वर्षांचं झाल्यावर? ज्या शिशुगृहात बाळ दिलं तिथे किंवा बुलढाण्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन ‘माझा पत्ता बदललाय, तो फायलीला लावा, कधी कुणी आलं तर माझी हरकत नाही’ असं लिहून द्यायला त्या नियमात मनाई नाही. एवढ्या एका कागदाने पुढे येणाऱ्या कार्यकर्तीची ती दहा मिनिटं सोपी होतील. बायकांना हे करता येतं हेच ठाऊक नसतं.

इंग्लंडमध्ये याचसाठी १९९१ पासून दोन भागांची एक सरकारी नोंदवही आहे. पहिल्या भागात दत्तक गेलेले नाव घालतात, दुसऱ्यात जन्मघरचे. कुणी कुणाला शोधत जात नाही. दोन्ही भागांत एकाच बाळाबद्दलची नावं आली तरच जन्मघरच्यांचा पत्ता दत्तक व्यक्तीला कळवला जातो, पुढचं पाऊल टाकायचं की नाही ते तिने ठरवायचं. एकाच बाजूचं नाव असेल तर ते तसंच पडून राहतं, कुणाला कळतही नाही. दुसऱ्या भागाला आईच लागते असं नाही. अठरा वर्षांवरचा कुणीही नातेवाईक चालतो: भाऊ, आजी, आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत रुग्णालयाचं जुनं कार्ड सापडलेली धाकटी मुलगी, आणि त्या वेळी दवाखान्यात सोबत बसलेली मावशीसुद्धा.